कागलचे साहेबमामा, पडद्यावरचे तुकोबा आणि आपल्या घरातला वाद

'छावा' १४ फेब्रुवारी २०२५ ला, शुक्रवारी लागला. सोमवारी माझ्या नववीच्या वर्गात दुसरा विषयच नव्हता. मधल्या सुट्टीत दोन मुलांची जुंपली. एकाच बाकावर बसणारी, रोज एकमेकांच्या डब्यातले खाणारी ही पोरे. एक म्हणाला, "तुमच्या औरंगजेबाने काय केलं ते बघितलंस काय?" दुसरा उसळून म्हणाला, "माझा कुठला औरंगजेब? आणि पिक्चर सगळा खोटा आहे." मी मध्ये पडले, "अरे, पिक्चर आहे, सोडून द्या," म्हटले आणि पुढच्या तासाला गेले. दुसऱ्या दिवशी दोघे वेगवेगळ्या बाकांवर बसले होते.

त्याच संध्याकाळी एका पालकांचा फोन आला. "मॅडम, बच्चे को पिक्चर को भेजू का नको? सगळे दोस्त जा रहे." त्यांनाही मी काहीतरी गोलमोल सांगितले. फोन ठेवल्यावर मात्र स्वतःचीच लाज वाटली. 'पिक्चर आहे, सोडून द्या' हे उत्तर नव्हते, ती टाळाटाळ होती. कारण पोरे सोडून देत नाहीत. दोन-अडीच तास अंधारात बसून जे पाहिले ते वर्षभर पाठ्यपुस्तकात वाचलेल्यापेक्षा जास्त लक्षात राहते, हे वीस वर्षे शिकवणाऱ्या बाईला वेगळे सांगायला नको.

म्हणून हा लेख. धार्मिक, पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रपटांवर आपल्या घरांत, कट्ट्यावर, स्टाफरूममध्ये जे वाद होतात त्यात नेमके काय अडकते आणि ते कसे सोडवायचे, हे जरा नीट बघू.

हे चित्रपट आपल्या गावचेच आहेत

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. असे चित्रपट म्हणजे 'त्यांचा' प्रकार, आपला काय संबंध, असे आपल्यापैकी काहींना वाटते. कोल्हापूरकरांनी तरी असे म्हणू नये.

दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' काढला. त्यांना ही कल्पना सुचली ती मुंबईत हजरत ईसा (अलै.) यांच्या जीवनावरचा एक परदेशी मूकपट पाहून. म्हणजे एका धर्माची गोष्ट पडद्यावर पाहून दुसऱ्या धर्माच्या माणसाला आपल्या गोष्टी दाखवाव्याशा वाटल्या. तेच वेड कोल्हापुरात बाबूराव पेंटरांना लागले. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० मध्ये आला. त्यातला कीचकवध लोकांना इतका खरा वाटला की ते दृश्य पुढे कापावे लागले. धार्मिक कथेच्या चित्रपटावरची कात्री ही आजची गोष्ट नाही, शंभर वर्षांपूर्वीची आहे.

बाबूरावांच्या हाताखाली जी मंडळी तयार झाली त्यात एक होते शेख फत्तेलाल. गाव कागल. चित्रकार माणूस. सगळे त्यांना 'साहेबमामा' म्हणत. १९२९ मध्ये व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांच्याबरोबर त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी सुरू केली. मराठीतला पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' (१९३२) याच कंपनीने इथे काढला. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. तिथे दामले आणि फत्तेलाल या जोडीने 'संत तुकाराम' (१९३६), 'गोपाळकृष्ण' (१९३८) आणि 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) दिग्दर्शित केले.

'संत तुकाराम' मुंबईत एकाच थिएटरमध्ये वर्षभराहून अधिक चालला. १९३७ च्या व्हेनिस चित्रपट महोत्सवात त्याची वाखाणणी झाली. वारकऱ्यांच्या लाडक्या संतावरचा आजही सर्वांत नावाजलेला चित्रपट ज्या दोघांनी केला, त्यातला एक कागलचा मुसलमान होता. साहेबमामांना त्यासाठी आपला दीन सोडावा लागला नाही, आणि चित्रपट पाहणाऱ्या लाखो वारकऱ्यांना श्रेयनामावलीतले 'फत्तेलाल' हे नाव खुपले नाही. माझ्या वर्गातल्या चाळीसपैकी एकाही मुलाला हे माहीत नव्हते. खरे सांगायचे तर बऱ्याच शिक्षकांनाही नव्हते.

एक पिक्चर, तीन तराजू

आता मूळ मुद्दा. आमच्या स्टाफरूममध्ये 'छावा'वर झालेला वाद आठवते. एक सर म्हणाले, "काय काम केलंय हो विकी कौशलने! अंगावर काटा आला." दुसरे म्हणाले, "इतिहासात असं नाहीच." तिसऱ्या बाई म्हणाल्या, "आमच्यात असले पिक्चर बघूच नयेत." अर्धा तास तिघे भांडले. गंमत अशी, की तिघेही एकाच वेळी बरोबर असू शकतात. कारण तिघे वेगवेगळ्या तराजूत माल तोलत होते.

पहिला तराजू कलेचा : चित्रपट म्हणून तो कसा झाला आहे?
दुसरा तराजू इतिहासाचा : जे दाखवले ते घडले होते का?
तिसरा तराजू अकीद्याचा : माझ्या दीनच्या दृष्टीने हे दाखवणे आणि पाहणे योग्य आहे का?

बाजारात आपण कापड मीटरने मोजतो आणि दूध लिटरने. कापड लिटरने मोजा म्हणणाऱ्याशी वाद घालून उपयोग नाही. चित्रपटावर बोलताना मात्र आपण नेमके हेच करतो. आवडला म्हणून खरा मानतो, न आवडला म्हणून खोटा ठरवतो.

कलेचा तराजू

या तराजूत धर्म टाकायचा नाही. २०२३ मध्ये 'आदिपुरुष' आला. रामायणावरचा, प्रचंड खर्चाचा. त्यावर सर्वांत जास्त कोण चिडले? रामावर श्रद्धा असणारेच. संवाद इतके उथळ वाटले की निर्मात्यांना चित्रपट चालू असतानाच ते बदलावे लागले. विषय पवित्र असला की चित्रपट आपोआप चांगला होत नाही, हे श्रद्धावान प्रेक्षकाला कळते.

उलट 'संत तुकाराम' पाहा. आजच्या मानाने कॅमेरा साधा, चमत्कारांची दृश्ये तर मुलांना हसू येईल अशी. पण विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा आणि गौरी या अभिनेत्रीने केलेली त्यांची तापट, कष्टाळू बायको बघा. घरात पीठ नाही आणि नवरा देवाच्या नादी लागलेला, अशा बाईचा राग किती खरा असतो! साधुपुरुषाची गोष्ट सांगताना त्याच्या घरच्या बाईची बाजूही दाखवायची, ही त्या दिग्दर्शकांची समज. म्हणून तो चित्रपट टिकला.

याच तराजूत आपल्या माणसांचे कामही मोलाचे ठरते. बी. आर. चोप्रांच्या 'महाभारत' मालिकेचे संवाद राही मासूम रझा यांनी लिहिले. 'बैजू बावरा' (१९५२) मधले गाजलेले भजन शकील बदायुनींनी लिहिले, नौशादांनी बांधले आणि मोहम्मद रफींनी गायले. खुद्द 'छावा'चे संगीत ए. आर. रहमान यांचे आहे. कसब जात बघत नाही.

इतिहासाचा तराजू

हा तराजू अवघड, कारण तो आपल्यालाही लागू करावा लागतो.

एक उदाहरण पुन्हा 'संत तुकाराम'चेच. या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी एक अभंग नव्याने लिहिला. तो इतका जमला की पुष्कळ लोकांना तो तुकोबांच्या गाथेतलाच वाटला. यात आठवल्यांचा दोष नाही. पण चित्रपट स्वतःचा एक इतिहास कसा तयार करतो, हे यावरून कळते.

आता आपल्याकडे बघू. 'मुघल-ए-आझम' (१९६०) आपल्या घरांत किती जिव्हाळ्याचा! त्यातली जोधाबाई कोणी केली? दुर्गा खोटे यांनी. म्हणजे कोल्हापूरच्या 'अयोध्येचा राजा'मधल्या तारामतीने. पण अनारकलीची जी कहाणी आपण खरी धरून चालतो, तिचा ना 'अकबरनाम्या'त पत्ता, ना जहांगीराच्या आत्मचरित्रात. चित्रपटाची कथा आली ती इम्तियाज अली ताज यांच्या १९२२ च्या नाटकावरून. जहांगीराच्या आईचे नाव 'जोधा' होते, हेही त्या काळच्या दरबारी इतिहासात सापडत नाही.

आणि लॉकडाऊनमध्ये काय झाले? २०२० च्या रमजानमध्ये 'एर्तुग्रुल' ही तुर्की मालिका उर्दूत आली आणि आपल्या गल्लोगल्ली पोरे लाकडी तलवारी घेऊन फिरू लागली. मलाही ती आवडली, खोटे कशाला बोलू. पण एर्तुग्रुलबद्दल त्याच्या काळातली लेखी माहिती जवळपास नाहीच. जे आहे ते बरेचसे नंतरच्या पिढ्यांनी लिहिलेले. शेकडो भागांची मालिका त्या एवढ्याशा माहितीवर उभी आहे. बाकी सगळी लेखकाची कल्पना. आपले पोरगे 'एर्तुग्रुल'ला इतिहास म्हणत असेल आणि 'छावा'ला नुसती कहाणी, तर तराजू आपलाच वाकडा आहे.

मग 'छावा'चे काय? तो शिवाजी सावंत यांच्या कादंबरीवर बेतलेला आहे. सावंत मूळचे आजऱ्याचे, कोल्हापुरात राजाराम हायस्कूलमध्ये शिक्षक होते. कादंबरीकार म्हणून ते मोठेच. पण कादंबरी इतिहासावर उभी असली तरी कादंबरीच असते, आणि तिच्यावरचा चित्रपट तर आणखी एक पायरी पुढे. या चित्रपटावर पहिले आक्षेप मुसलमानांनी घेतले नव्हते. संभाजी महाराजांना लेझीम खेळताना दाखवल्यावरून शिवप्रेमींनी हरकत घेतली आणि ते दृश्य काढले गेले. शिर्के घराण्याच्या वंशजांनी आपल्या पूर्वजांच्या चित्रणावर हरकत घेतली आणि दिग्दर्शकांनी माफी मागितली. त्याआधी २०२२ मध्ये 'हर हर महादेव'वर आपल्या कोल्हापूरच्या छत्रपती घराण्यातल्या संभाजीराजेंनी इतिहासाची मोडतोड झाल्याचा आक्षेप घेतला होता. म्हणजे चित्रपटाला इतिहासाचा प्रश्न विचारणे म्हणजे महाराजांचा अपमान नव्हे. महाराजांवर प्रेम करणारेच तो प्रश्न विचारत आले आहेत.

पण इथे आपणही पळवाट काढायची नाही. संभाजी महाराजांना १६८९ मध्ये पकडून औरंगजेबाने हाल हाल करून ठार केले, हा इतिहास आहे. चित्रपटात आहे म्हणून तो खोटा होत नाही. त्याच औरंगजेबाने १६८६ मध्ये विजापूरची आदिलशाही आणि १६८७ मध्ये गोवळकोंड्याची कुतुबशाही बुडवली, हाही इतिहास आहे. दोन्ही मुसलमान राज्ये. आणि शिवाजी महाराजांच्या पायदळाचे सरनोबत नूरखान बेग होते, आरमारात दौलतखान होते, हाही इतिहासच. राजा राज्यासाठी लढतो. नववीतल्या मुलाने तीनशे वर्षांपूर्वीच्या बादशहाची ना वकिली करायची गरज आहे, ना त्याच्या वतीने मान खाली घालायची.

अकीद्याचा तराजू

आता तिसरा. आपल्या घरांतला सर्वांत नाजूक.

माझ्या लहानपणी मोहल्ल्यात व्हीसीआर भाड्याने आणून 'द मेसेज' दाखवला गेला होता. पुरुष पुढे, बायका आणि आम्ही पोरे मागे. बद्रच्या लढाईला सगळे श्वास रोखून बसले होते. मुस्तफा अक्काद या मूळच्या सीरियातल्या दिग्दर्शकाचा हा १९७६ चा चित्रपट. इंग्रजी आणि अरबी असा दोनदा, वेगवेगळे नट घेऊन चित्रित केलेला. इंग्रजीत हजरत हमजा (रजि.) यांची भूमिका अँथनी क्विन यांनी केली.

पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांचे चित्र काढायचे नाही, हा आपला पक्का अदब. मग चित्रपट कसा करायचा? अक्काद यांनी पैगंबरांना (स.) ना दाखवले, ना त्यांचा आवाज ऐकवला. समोरची पात्रे कॅमेऱ्याकडे बघून बोलतात आणि प्रेक्षकाला कळते. पैगंबरांच्या (स.) घरातली माणसे आणि पहिले खलिफाही पडद्यावर आणले नाहीत. बंधनामुळे चित्रपट लंगडा झाला नाही, उलट ते न दिसणेच मनाला भिडते.

तरीही वाद झालेच. मोरोक्कोमध्ये चित्रीकरण थांबवावे लागले आणि उरलेले लिबियात पूर्ण करावे लागले. पुढे २०१२ मध्ये हजरत उमर (रजि.) यांच्यावरच्या अरबी मालिकेत त्यांचा चेहरा दाखवला गेला. अल-अजहरने विरोध केला, पण युसूफ अल-करदावी यांच्यासारखे आलिम त्या मालिकेच्या संहिता तपासणाऱ्या समितीत होते. २०१५ मध्ये इराणच्या माजिद माजिदी यांनी पैगंबरांच्या (स.) बालपणावर चित्रपट केला. चेहरा दाखवला नाही, पण पाठमोरे बालरूप दाखवले. संगीत रहमान यांचे. मुंबईच्या रझा अकादमीने दोघांविरुद्ध फतवा मिळवला आणि रहमान यांनी जाहीर पत्र लिहून आपली बाजू मांडली. २०२० मध्ये तो चित्रपट ऑनलाइन येणार असे कळल्यावर महाराष्ट्र सरकारनेच केंद्राला पत्र लिहून तो रोखण्याची मागणी केली.

या सगळ्यातून काय दिसते? पैगंबरांचा (स.) चेहरा दाखवायचा नाही यावर सगळे ठाम. त्यापुढे सहाबांची भूमिका करावी की नाही, पाठमोरे दाखवावे की नाही, यावर आलिमांमध्ये मतभेद आहेत. मी आलिम नाही, फतवा देणे माझे काम नाही. ज्यांना शंका आहे त्यांनी आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावे. पण एक नक्की : 'माझ्या अकीद्यात हे बसत नाही म्हणून मी पाहणार नाही' हे वाक्य पूर्ण आहे. त्याला 'म्हणून पाहणारा वाईट' ही शेपटी जोडायची गरज नाही. आणि आपल्या अदबीचा मान इतरांनी राखावा असे वाटत असेल, तर शेजाऱ्याच्या श्रद्धेच्या चित्रपटावर फिदीफिदी हसणेही बंद करावे लागेल.

थिएटरबाहेर काय होते

हे सगळे एवढे सविस्तर का सांगते आहे? कारण चुकीच्या तराजूची किंमत रस्त्यावर मोजावी लागते. १७ मार्च २०२५ ला नागपुरात औरंगजेबाच्या कबरीच्या वादावरून दंगल झाली. त्यानंतर विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या निवेदनात 'छावा'चाही उल्लेख आला. आपल्या कोल्हापुरात तर चित्रपटाचीही गरज पडली नव्हती. ७ जून २०२३ ला मोबाइलवरच्या स्टेटसवरून शहर पेटले, दगडफेक झाली, इंटरनेट बंद झाले. ज्या शहरात तालमीत गणपती आणि मोहरमचे पंजे एकत्र बसतात, त्या शहरात. स्टेटस ठेवणारी पोरे कोवळ्या वयाची होती. एका बोटाच्या खेळात घरादाराची झोप गेली.

सूरह हुजुरातमध्ये सांगितले आहे की कोणी बातमी आणली तर आधी खातरजमा करा, नाहीतर अजाणतेपणी कोणाचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल. चित्रपटाचा सीन कापून केलेले रील ही आजची 'आणलेली बातमी'च आहे.

घरी काय करता येईल

पालकांनी मुलांना अडवायचे की पाठवायचे, हे प्रत्येक घराने ठरवावे. पाठवलेच, तर आल्यावर चार प्रश्न विचारा :

- तुला काय आवडले आणि काय कंटाळवाणे वाटले?
- यातले खरे काय आणि रचलेले काय, हे कुठे तपासता येईल?
- आपल्या दीनच्या दृष्टीने तुला काय खटकले?
- हाच सीन तुझ्या शेजारच्या बाकावरच्या मित्राने पाहिला, तर त्याला काय वाटले असेल?

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. आणि एक नियम : चित्रपट पाहिलेल्या रात्री स्टेटस ठेवायचे नाही. ना रागाचे, ना अभिमानाचे. सकाळी ठेवावेसे वाटले तर आधी अम्मी-अब्बांना दाखवायचे.

मी वर्गात फळ्यावर तीन रकाने आखले आणि मुलांनाच भरायला लावले. 'छावा', 'एर्तुग्रुल', 'बाहुबली', जे पाहिले असेल ते. पहिल्या रकान्यात सगळे भरभरून बोलले. दुसऱ्या रकान्याला वर्ग शांत झाला. "मॅडम, हे आम्हाला माहीतच नाही," एक मुलगी म्हणाली. मला तेच ऐकायचे होते. 'माहीत नाही' म्हणता येणे ही इतिहास शिकण्याची पहिली पायरी.

ती दोन मुले आठवड्याभरात परत एका बाकावर आली. फळ्यावरच्या रकान्यांमुळे की डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीमुळे, ते मी खात्रीने सांगू शकत नाही.

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, आपण रोज त्याच्यावरून जातो. एखाद्या रविवारी मुलांना तिथे थांबवा आणि सांगा, या गावात प्रभात नावाची कंपनी होती आणि कागलचे शेख फत्तेलाल तिचे एक मालक होते. नंतर घरी बसून त्यांचा 'संत तुकाराम' बघा. आणि बघून झाल्यावर वाद घाला. फक्त कोणता तराजू हातात आहे, ते आधी ठरवून.